कुशीचा न्याय : वऱ्हाडातल्या भाविकांचा जाहीरनामा

आम्ही अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली भाविक माणसं आहोत. आमच्यात पंढरीची वारी करणाऱ्या माळकरी बाया आहेत, रिद्धपूरला जाणारे महानुभाव उपासक आहेत, रोज सांजेला सामुदायिक प्रार्थनेला बसणारे गुरुदेव सेवक आहेत. विहारात वंदना घेणाऱ्या उपासिका आहेत, अचलपूर-बाळापूरच्या मोहल्ल्यांतल्या पाच वेळच्या नमाजी आपा आहेत, जैन घरं आहेत, ख्रिस्ती कुटुंबं आहेत, मेळघाटातली कोरकू माणसं आहेत. आमचे देव वेगळे, पोथ्या वेगळ्या. एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत झालं आहे. मूल व्हावं की नाही, कधी व्हावं, किती व्हावीत आणि झालेलं लेकरू जगावं कसं, या प्रश्नांत बाईला देवाच्या नावाने भीती घालणं आम्ही आमच्या घरात आणि आमच्या प्रार्थनास्थळांत यापुढे चालू देणार नाही.

लोक विचारतात, हे काम सरकारी दवाखान्याचं, आशाताईचं, फार तर वकिलाचं. भजनी मंडळाचा इथे काय संबंध? संबंध जुना आहे. वऱ्हाडात बाईच्या कुशीबद्दलचे बहुतेक निकाल अमरावतीच्या डफरीन किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंग या स्त्री रुग्णालयांत लागत नाहीत. बाई दवाखान्याची पायरी चढते तोवर ते घरात लागून गेलेले असतात, आणि ते देताना साक्षीला देव उभा केलेला असतो. तिसरी पोरगी झाली की कुणीतरी म्हणतं, मागच्या जन्मीचं काही असंल. लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नाही की नवस, अंगारा, गंडा, गुरुवार, सोमवार सुरू होतात, आणि सगळे उपास बाईचेच असतात. कर्जापायी नवऱ्याने जीव दिला तर तिचा पायगुण काढला जातो, आणि दुसऱ्याच महिन्यात शेजारच्या सुनेच्या ओटीभरणाला तिला बोलावू नये असं ठरतं. पोट पाडावं लागलं तर ते गुपित ती आयुष्यभर पापासारखं वागवते. ताप अंगावर काढते, पण डॉक्टरला खरं सांगत नाही. भीती धर्माच्या दारातून आत आली असेल, तर तिला बाहेर काढायलाही त्याच दारात उभं राहणारी माणसं लागतील. डॉक्टरच्या सांगण्याने गोळी बदलते. महाराजांच्या, मौलानांच्या, भंतेजींच्या सांगण्याने घर बदलतं.

आम्ही नवा धर्म सांगत नाही. आमच्या पायाखालची माती काय सांगते एवढंच आठवून देतो.

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर ही गोविंदप्रभूंची भूमी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र इथेच सिद्ध केलं. स्वामींच्या भोवती बायांचा मोठा मेळा होता, आणि त्यांच्या मनातला पाळीचा विटाळ स्वामींनी स्पष्ट शब्दांत मोडून काढला. शरीराच्या बाकीच्या द्वारांतून जसं काही बाहेर पडतं तसंच हे, हा देहाचा स्वभाव आहे, यात अपवित्र काही नाही, असा त्यांचा उपदेश होता. पुढे सोयराबाईंनी तोच प्रश्न जातीच्या विटाळाला जोडून विचारला: देहाचा जन्मच ज्याला तुम्ही विटाळ म्हणता त्यातून होतो, मग जगात सोवळं उरतं कोण? त्यांचे पती चोखोबा आमच्याच वऱ्हाडातल्या मेहुणाराजाचे मानले जातात.

साडेसातशे वर्षं झाली. आणि आज भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आधीच्या आठवड्यात अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत औषधाच्या दुकानांत पाळी लांबवायच्या गोळ्या खपतात. चिठ्ठी कुणी मागत नाही. नवरा किंवा पोरगा जाऊन पुडी घेऊन येतो. जिला रक्ताच्या गुठळीचा किंवा यकृताचा त्रास आहे, तिला ही गोळी धोक्याची ठरू शकते, हे तिला कुणी सांगत नाही. वारीला निघणाऱ्या बायाही त्या घेतात. पुरणपोळीच्या नैवेद्यासाठी एखाद्या सुनेने आपल्या शरीराशी असा खेळ करावा, हे त्या दोन्ही महालक्ष्म्यांना, ज्या स्वतः माहेरवाशिणी म्हणून घरी येतात, आवडत असेल असं आम्ही मानत नाही. आमच्या मंडळांतल्या घरांत पाळी आलेली सून स्वयंपाक करेल, आरती करेल, तिला वाटलं तर बसून राहील. ते तिने ठरवायचं. ज्या मंदिरांच्या विश्वस्त मंडळांवर आमची माणसं आहेत, तिथल्या दारावरची पाळीची पाटी ती माणसं स्वतःच्या हाताने उतरवतील.

तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठावर कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. तिथून निघणारी तिची पालखी चारशेहून अधिक वर्षं पंढरीला जाते. रुक्मिणीची गोष्ट वऱ्हाडातल्या प्रत्येक बाईला पाठ आहे: भावाने शिशुपाल ठरवला, तिने कृष्णाला पत्र धाडलं आणि देवीच्या दर्शनाला म्हणून ती बाहेर पडली. ती देवी म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असं आम्ही मानतो. रिद्धपूरच्या महदाइसेने मराठीत पहिले धवळे रचले तेही याच लग्नाचे. म्हणजे विदर्भाच्या लेकीने आपलं लग्न आपण ठरवलं, देवीच्या दारात ठरवलं, आणि आम्ही त्या लेकीला आई म्हणून डोक्यावर घेऊन चारशे वर्षं चालतो आहोत. आणि याच महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्यांच्यातल्या किती जणींना कुणी विचारलं होतं? ज्या मांडवात नवरी अठराची नाही, तिथे आमचे भटजी मंगलाष्टकं म्हणणार नाहीत, आमचे काझी निकाह पढणार नाहीत, आमचे भंतेजी आणि पाद्री उभे राहणार नाहीत. २००६ च्या कायद्याने असं लग्न लावणाराही गुन्हेगार ठरतो. आमची माणसं मात्र कायद्याच्या भीतीने थांबणार नाहीत, रुक्मिणीची आण म्हणून थांबतील.

त्याच अंबादेवीच्या दारात १९२७ मध्ये दुसरा प्रश्न उभा राहिला. देवीची लेकरं म्हणवणाऱ्या अस्पृश्यांना आत येऊ द्यायचं की नाही? बाबासाहेब आंबेडकर त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीला परिषदेच्या अध्यक्षपदावर होते. देवळाचं दार कुणासाठी उघडं, याचा निकाल भाविकांनीच मागायचा असतो हे आम्ही तिथून शिकलो.

आणि गाडगेबाबा. शेंडगावात जन्मलेले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात आजोळी वाढलेले डेबूजी. त्यांच्या जातीत बारशाला दारू आणि मटण लागायचं, त्यासाठी कर्ज काढायचं. डेबूजींनी ती रीत पहिल्यांदा मोडली ती स्वतःच्या मुलीच्या बारशाला. पंगतीला गोड जेवण वाढलं आणि लोकांची बोलणी खाल्ली. पुढे आयुष्यभर कीर्तनात ते जे सांगत राहिले त्याची सुरुवात एका पोरीच्या पाळण्यापाशी झाली, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. मुलीच्या जन्माचा सोहळा करा हे सांगायला वऱ्हाडाला कुठल्या सरकारी मोहिमेची गरज पडायला नको होती.

सगळ्यात जास्त ऋण मात्र आम्ही बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं मानतो. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. नंतर ती कमी केली गेली. वर्तमानपत्रांतून बायांच्या अनीतीवर पानं भरून मजकूर येऊ लागला. ताराबाई कुणी पुढारी नव्हत्या, वऱ्हाडातल्या एका कारकुनाची मुलगी. १८८२ मध्ये त्यांचं ‘स्त्री पुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. त्यात त्यांनी त्या पुरुषाचा पत्ता विचारला, ज्याच्याशिवाय ते मूल झालंच नसतं. शास्त्रकारांना विचारलं, पुराणांना विचारलं, थेट देवालाही जाब विचारला. पुस्तकावर इतकी आग पाखडली गेली की जोतिराव फुल्यांना त्यांची बाजू घेऊन लिहावं लागलं. जोतिराव-सावित्रीबाईंनी त्याआधी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं: फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा तिथेच ठेवावं. तिथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, आणि तो पुढे डॉक्टर यशवंत झाला.

पोट दोघांमुळे राहतं, शिक्षा एकीला होते. ताराबाईंनी बोट ठेवलेली ही जखम भरलेली नाही. उकिरड्यावर अर्भक सापडल्याची बातमी आजही येते आणि मथळ्यात ‘निर्दयी माता’ छापलं जातं. निर्दयी बाप कुठल्या मथळ्यात येत नाही. तिला कुणी सांगितलेलं नसतं की २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे ती आपलं मूल बालकल्याण समितीच्या स्वाधीन करू शकते, तो गुन्हा नाही, आणि मन बदललं तर फेरविचाराला तिच्यापाशी दोन महिने असतात. जोतिराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरात जे केलं त्याची सोय आज कायद्यात आहे, पण तिची माहिती गावात नाही. ही माहिती आम्ही विहारांत, मंदिरांत, मशिदींत, चर्चमध्ये लिहून लावू. संपर्कासाठी गावातल्याच दोन बायांचं घर सांगू, कारण अशा वेळी पोरगी तालुक्याच्या कचेरीत जात नाही, तिला ओळखीचा उंबरा लागतो.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात काही काळ्या स्त्रिया एकत्र जमल्या. मूल नको म्हणण्याच्या हक्काची चर्चा तिथे बरीच झाली होती, पण त्यांना वाटलं की आपलं दुखणं त्यात मावत नाही. मूल नको म्हणण्याचा हक्क, मूल हवं म्हणण्याचा हक्क आणि झालेलं मूल सुखरूप वातावरणात वाढवण्याचा हक्क असे तीन हक्क त्यांनी एकत्र बांधले आणि त्याला न्याय म्हटलं. त्याआधी, १९६७ मध्ये, न्यूयॉर्कच्या एकवीस धर्मगुरूंनी, पाद्री आणि रब्बी मिळून, वर्तमानपत्रातून आपली नावं जाहीर करून सांगितलं होतं की अडचणीतल्या बाईने आमच्याकडे यावं, आम्ही तिला सुरक्षित डॉक्टरपर्यंत पोचवू. कायदा तेव्हा त्यांच्या बाजूने नव्हता. आमच्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे आणि तरी आम्ही गप्प आहोत. त्या तीन हक्कांवर आम्ही आमच्या वऱ्हाडी जगण्यातून बोलतो.

आधी नको म्हणण्याबद्दल, कारण तिथेच आमच्यात वाद आहे आणि तो आम्ही झाकणार नाही. गर्भपाताबद्दल आमची मतं एक नाहीत. आमच्यातले जैन अहिंसेच्या व्रताने ते टाळावं असं मानतात. कॅथलिक चर्चची शिकवण त्याला मनाई करते. आमच्यातल्या मौलानांनी दाखवून दिलं की हनफी फिकहमध्ये पहिल्या १२० दिवसांचा वेगळा विचार झाला आहे, आणि आईचा जीव धोक्यात असेल तर आईचा जीव आधी. बौद्ध उपासिका पहिलं शील आणि करुणा दोन्ही तोलून बोलतात. बैठकीत आवाज चढले, काही जणी रडल्या. शेवटी ज्यावर सगळे थांबलो ते हे: तो निर्णय जिच्या पोटात गर्भ आहे तिने आपल्या विवेकाने घ्यायचा आहे, आणि तो घेऊन आलेल्या बाईचा आम्ही प्रसाद बंद करणार नाही, तिला वाळीत टाकणार नाही, तिच्याकडून प्रायश्चित्त मागणार नाही. ज्यांना गर्भपात पटत नाही त्यांनी स्वतःच्या आयुष्यात तो करू नये. दुसरीच्या पलंगापाशी उभं राहून फतवा काढू नये.

कायदा काय सांगतो ते आमच्या प्रत्येक सभासदाला तोंडपाठ असलं पाहिजे. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या आणि अशा आणखी काही बायांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने ही मुदत चोवीस आठवडे आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लग्न न झालेल्या बाईलाही तोच हक्क आहे हे सांगितलं. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, बापाची लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवायचं बंधन आहे. तरीही सही मागितली जाते, आणि सहीवाचून परत गेलेली बाई कुठल्यातरी खोलीत पिशवी साफ करून घेते आणि तापाने फणफणते. गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या मोहिमेच्या धाकाने औषधाच्या दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं, आणि मुलगा-मुलगीचा प्रश्नही नसलेल्या बाया त्यात भरडल्या गेल्या. लिंग निवडणाऱ्या यंत्राला विरोध आणि संकटातल्या बाईला आधार, या दोन्ही गोष्टी आम्ही एकाच तोंडाने बोलू.

पुरुषांशी आम्हाला वेगळं बोलायचं आहे. २०१९ ते २०२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांची नसबंदी शंभरात एक घरसुद्धा भरत नाही. बाईचं ऑपरेशन पोटाला छेद देऊन होतं, पुरुषाचं बिनटाक्याचं, काही मिनिटांचं. तरी शिबिराच्या गाडीत बाईच बसते, आणि चार दिवसांनी तीच निंदायला जाते. पुरुषांच्या मनातली भीती कुठून आली हे आम्हाला माहीत आहे. आणीबाणीत माणसं धरून नेली गेली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरलं नाही. ती जबरदस्ती चूक होती. पण तिच्या भीतीचं ओझं पन्नास वर्षं बाईच्या पोटावर ठेवणं हीही जबरदस्तीच आहे. दंडातली ताकद जात नाही, नांगर सुटत नाही, हे आमचे कीर्तनकार व्यासपीठावरून सांगतील, आणि ज्यांनी स्वतः करून घेतलं आहे ते उभे राहून सांगतील.

आता हवं म्हणण्याबद्दल. ज्या बाईला मूल होत नाही तिला अंगारा देणारे पुष्कळ आहेत. तपासणी मात्र आधी तिची होते, नवऱ्याची शेवटी, किंवा होतच नाही. दोघांची तपासणी एकाच दिवशी व्हावी, आणि वंध्यत्वाचा उपचार जिल्हा स्त्री रुग्णालयात गरिबाला परवडेल असा मिळावा, ही आमची मागणी आहे. पोटातल्या गर्भाचं लिंग बदलून देतो असा दावा करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कीर्तनात, प्रवचनात मुलगा होण्यासाठी सम-विषम तिथीचं गणित सांगणारा माणूस कितीही गर्दी खेचत असो, आमच्या सप्ताहाला त्याला नारळ मिळणार नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे अमरावतीत ९३५ मुली होत्या, अकोल्यात ९१२, शेजारच्या बुलढाण्यात ८५५. राज्याचा आकडा ८९४ होता. आपण राज्याहून बरे आहोत म्हणून पाठ थोपटून घ्यावी असा हा आकडा नाही. लिंगतपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला होता, आणि त्यानंतरचे हे आकडे आहेत.

दोन अपत्यांची अट पंचायत राजमधून काढून टाकावी, अशी आमची मागणी आहे. २००१ नंतर तिसरं मूल झालं म्हणून सदस्यत्व गमावलेल्या बायांना त्या तिसऱ्या मुलाचा निर्णय घेऊ दिला होता का, हे कुणी विचारलं नाही. उलट खुर्ची वाचवायला गर्भ पाडायला लावणं, पोर दुसऱ्याच्या नावावर लावणं, बायकोला माहेरी धाडणं हे प्रकार घडतात. आणि याच्या दुसऱ्या टोकाला व्यासपीठावरून सांगितलं जातं की आपल्या धर्माची संख्या घटते आहे, बायांनी चार-चार मुलं जन्माला घालावीत. हे सगळ्याच बाजूंनी सांगितलं जातं. आम्ही सगळ्या धर्मांची माणसं एका सतरंजीवर बसून सांगतो: आमच्या धर्माची मोजदाद वाढवायला आमच्या लेकी-सुनांची कूस आम्ही देणार नाही. जो ईश्वर शिरगणतीवर जगतो त्याची पूजा आम्ही करत नाही.

तिसरा हक्क वाढवण्याचा. इथे वऱ्हाड सर्वांत जास्त नाडला गेला आहे.

मेळघाटातल्या बालमृत्यूंची चर्चा नव्वदच्या दशकापासून चालू आहे. न्यायालयाने सरकारला किती वेळा फटकारलं! मंत्री येतात, फोटो निघतात, पावसाळा संपतो. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये सेमाडोहचा घाट. पावसात नाले चढले की हतरूकडची गावं तुटतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ टिकत नाहीत. कुटुंबं कामासाठी डोंगर उतरतात तेव्हा गर्भारीण नोंदीतून निसटते. अंगणवाडीचा आहार एका गावात आणि ती दुसऱ्या तालुक्यातल्या वीटभट्टीवर. रवींद्र आणि स्मिता कोल्हे या डॉक्टर दांपत्याने बैरागडला राहून दाखवलं की डॉक्टर माणसांत राहिला तर माणसं दवाखान्यात येतात. आम्ही कोरकू बायांचं ऐकलं तेव्हा त्यांनी औषधांच्या आधी बोलीची गोष्ट काढली. दवाखान्यात कुणी आमच्या भाषेत बोलत नाही, अंगावर ओरडतात, म्हणून आम्ही भूमकाकडे, आमच्या मांत्रिकाकडे जातो. बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डंभे देणं थांबलंच पाहिजे, त्यात आम्ही तडजोड करणार नाही. पण भूमकाला शिव्या घालून ते थांबणार नाही. तोही श्रद्धेचा माणूस आहे आणि आम्हीही. त्याच्याशी आम्ही त्या नात्याने बोलू: तू हात ठेव, मंत्र म्हण, आणि त्याच क्षणी बाळाला दवाखान्यात पाठव. सरकारने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कोरकू बोलणारी एक बाई पगारावर ठेवावी.

डोंगराखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्यातली शेकडो गावं पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी पितात. सासरी आलेल्या पोरीला पहिल्या दिवशी चहा खारट लागतो, आणि गोड्या पाण्यासाठी गर्भारपणातही दूरवर घागर घेऊन जावं लागतं. मूतखड्याच्या, किडनीच्या तक्रारी इथे घराघरात ऐकू येतात. बांगलादेशच्या किनारपट्टीवर संशोधकांना खारं पिण्याचं पाणी आणि गर्भारपणातला वाढलेला रक्तदाब यांचा संबंध आढळला आहे. आमच्या खोऱ्यातल्या गर्भारणींचा असा अभ्यास झाला पाहिजे. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी तो हाती घ्यावा, आणि निष्कर्षाची वाट न बघता खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक गर्भारणीच्या घरी आधी गोडं पाणी पोचावं.

वेचणीच्या दिवसांत सातव्या महिन्याची बाईही कपाशीत वाकलेली दिसते, कारण मजुरी किलोवर आहे. कमी वेचलं तर कमी मिळतं. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी आहे, त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ५४ टक्के आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या प्रसूतिलाभाच्या बाजूने भाषण केलं आणि १९२९ मध्ये कायदा झाला. दहा वर्षांनी, १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तो सभागृहाने फेटाळला. प्रसूतिलाभ मिळाला तो कारखान्यातल्या बाईला. कपाशीतली बाई जवळपास शंभर वर्षांनीही बाहेरच आहे. मातृवंदना योजनेची पाच-सहा हजारांची मदत तिची तीन महिन्यांची मजुरी भरून काढत नाही. शेतमजूर बाईला बाळंतपणाची पूर्ण भरपगारी रजा मिळावी, आणि तिचा खर्च सरकारने उचलावा.

तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीला एक अख्खा अध्याय दिला. तो मोझरीत आणि गावोगावच्या प्रार्थनामंदिरांत वाचला जातो. आमची विनंती आहे की वाचून झाल्यावर पोथी बांधायच्या आधी एका बाईला बोलू द्यावं, आणि पुरुषांनी मध्ये बोलू नये. जुम्म्याच्या तकरीरीत, रविवारच्या प्रार्थनेत, अकोल्याच्या धम्ममेळाव्यात हीच रीत यावी.

या चळवळीला फी नाही, फलकावर कुणाचे फोटो नाहीत. सभासद व्हायची अट एकच: आपल्या घरातली विधवा यापुढे ओटीभरणाला आणि बारशाला पहिल्या रांगेत बसेल, आणि आपल्या घरातल्या सुनेच्या पोटाबद्दलचा निर्णय तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय घेतला जाणार नाही. पहिलं कामही ठरलं आहे. ज्या देवस्थानाकडे, मशीद कमिटीकडे, विहाराकडे, चर्चकडे किंवा आश्रमाकडे गाडी आहे, त्यांनी ती रात्री-बेरात्री बाळंतिणीसाठी मोकळी ठेवायची आहे. १०८ ची गाडी यायला उशीर लागला तर ही निघेल. ड्रायव्हरचं नाव आणि नंबर गावच्या आशाताईकडे लिहून द्यायचा. डिझेलचा खर्च दानपेटीतून. मेळघाटापासून सुरुवात करून दोन्ही जिल्ह्यांतली ही यादी मृग लागायच्या आत पुरी करायची आहे.